उतारावरची हाक

आये, काकी वाडी सोडून निघाली त्या दिवशी तिनं पलीकडून हाक मारली, तू नदीत उतरलीस, आणि पाण्यात मधोमध उभ्या राहून तुम्ही दोघी काहीतरी बोललात. काय बोललात गं? तू गेलीस त्यालाही किती पावसाळे झाले, मी तुझ्याहून म्हातारी झाले, पण हा प्रश्न काही म्हातारा होत नाही.

आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, की कर्जतच्या खाली नदीच्या दोन फाट्यांमधल्या त्या तुकड्यावर आपली वाडी होती आणि पावसाळ्यात तिचं बेट व्हायचं. नदी पायी ओलांडायच्या उतारावर येऊन ‘होऽऽ’ अशी हाक द्यायची, आणि ती ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकून, काठी घेऊन न्यायला जायचं, हा आपला रिवाज. हात धरायचा नाही, मनगट धरायचं; ओला हात निसटतो. आणि हाक कुणाची हे बघायचं नाही. तुझं आणि काकीचं, म्हणजे तुझ्या थोरल्या जावेचं, बांधावरच्या फणसावरून फाटलेलं. भिंतीला भिंत, पण एकमेकींचं तोंड बघत नव्हतात. मला अजून दिसतंय: तू तांदूळ निवडत बसलीयस, बाजारातून आलेली काकी पलीकडून हाक मारते. ‘आली भवानी! राहू दे तिकडंच,’ म्हणत तू कासोटा घट्ट करतेस. ‘मग जातेस कशाला?’ म्हटलं तर माझ्यावरच खेकसतेस, ‘पान्यात भांडान नाय चालत गं!’ पाण्यात तुम्ही बोलायचात. ‘हितं धोंडा हाय’पासून ‘पोराचा ताप उतरला का’पर्यंत सगळं. काठाला पाय लागला की दोघींची तोंडं दोन दिशांना. नदी नसती तर तुम्ही मुक्याच राहिल्या असतात, असं मला वाटायचं.

लढाईचे दिवस होते, लाकूड-कोळशाला मागणी आलेली. एक कंत्राटदार आला. म्हणाला, एका फाट्यात भराव टाकून गाडीरस्ता करून देतो, मला काठावरची झाडं तोडू द्या. पुरुषमंडळी विड्या ओढत बसली, कुणी हो म्हणेना की नाही म्हणेना. तेव्हा तू दाराआडून बोललीस, ‘बांदा वो रस्ता. पोरीची शाळा पावसात बंद पडते.’ सगळे वळून बघायला लागले. काकीनं त्या दिवशी पहिल्यांदाच कोरड्या जमिनीवर तुझ्याशी तोंड उघडलं, ‘आनि पानी कुटं जाईल गं मग?’ तू चुलीकडं वळलीस.

मी त्या भरावावरून कोरड्या पायांनी शाळेत गेले, त्याचं अप्रूप मला आजही आहे. सुईण वेळेवर यायला लागली, आपली भाजी बाजारात जायला लागली. पण त्या दगडमातीच्या ढिगात पाण्यासाठी मोरी ठेवली होती एवढीशी. ती पहिल्याच पुरात पाल्या-गाळानं बुजली आणि वरच्या अंगाला पाणी तुंबलं. वलगणीला, पहिल्या पावसात, अंडी घालायला खालून चढणारे मासे भरावाशीच अडले. डास झाले, घरोघर थंडीताप आला. करंज-जांभळं गेली तसा काठ ढासळायला लागला. काकीचं शेत नेमकं त्या तुंबलेल्या पाण्याच्या कडेला. तिचं भात उभ्या उभ्या कुजलं. आपलं शेत भरावाच्या खालच्या अंगाला, ते वाचलं. आणखी एक झालं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हाक बंद झाली. काकी भरावावरून यायची, तू भरावावरून जायचीस, आणि तुम्हाला बोलायला जागाच उरली नाही.

दिवाळीनंतर त्यांनी बिऱ्हाड आवरलं. काकांना खोपोलीला, शिळफाट्याकडे कुठंसं काम मिळालं होतं. बैलगाडी भरावावरून पलीकडे गेली. तू दारात सूप धरून उभी, ना आत जातेस ना बाहेर. आणि जुन्या उतारावरून हाक आली. ‘होऽऽ!’ तू सूप टाकलंस आणि काठीसुद्धा न घेता धावलीस. हिरव्या, साचलेल्या पाण्यात कंबरेपर्यंत. तीही उतरली होती. तू तिचं मनगट धरलंस. तू रडत होतीस, एवढं मला काठावरून दिसलं. ती काही बोलली, तू मान हलवलीस. ती पुन्हा बोलली आणि तू चक्क हसलीस! मग ती तिच्या काठाला, तू आपल्या. ‘काय म्हनली काकी?’ मी विचारलं. ‘काय नाय. चल, भात करपंल.’

मी तर्क करकरून थकले, आये. रस्ता मागितल्याची माफी मागितलीस का? तिनं केली का माफ? की पुन्हा तो मेला फणसच निघाला? तुझ्या रस्त्यानं मी शिकले, मास्तरीण झाले, जन्मभर पोरींना म्हणत आले, ‘विचारा गं, लाजू नका.’ आणि माझं स्वतःचं विचारायचं मात्र राहून गेलं.

परवा गेले होते. भरावाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे, खालून पाणी मोकळं वाहतंय. मी जुन्या उताराशी गेले, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं आणि हाक मारली. पुलावर मोटारसायकल थांबली. तिशीचा एक गडी चपला काढून पाण्यातून माझ्याकडे आला. ‘आजी, पूल हाय की वर! बरं, असू दे. या.’ आणि आये, त्यानं माझा हात नाही धरला. मनगट धरलं.

या पत्राला पत्ता नाही, तेव्हा ते माझ्यापाशीच राहणार. पण तुला म्हणून सांगते. मी त्याच्याबरोबर मुकाट्यानं नदी ओलांडली. मला पलीकडं जायचंच नव्हतं.