मोटारीच्या सायकलीचा वारस

मी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे, तसं डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं आहे. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. मुलाने आणून पाहिलं, ते वाया गेलं. माझ्यामागे ही सायकल मोडीत काढीन असं त्याने मला तोंडावर सांगितलं आहे. ते होऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड, मुलगा आणि सून यांना मिळून. शेडमधलं कामाचं टेबल हलवण्याच्या भानगडीत पडू नये. ते आत बांधलं आणि दार नंतर बसवलं, त्यामुळे ते बाहेर निघणारच नाही.

कलम २. बँकेतली ठेव मुलीला. सायकलीबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. मी तिची आभारी आहे.

कलम ३. धाकट्या दिरांना ब्रेकची तुटलेली तार, दोन्ही तुकडे, डबीसकट. ती कशी तुटली हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. सायकलीला मोटार ह्यांनी बसवली. लेथवर काम करणारा माणूस, हात अतिशय साफ. हँडलवर फार गर्दी दिसते म्हणून त्यांनी पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक एकाच तारेला जोडले. दिसायला देखणं झालं. उतारावर ती एक तार तुटली आणि दोन्ही ब्रेक गेले. पुढे दांडीवर नऊ वर्षांचा मुलगा, मागे कॅरियरवर मी. आम्हाला लाकडाच्या वखारीच्या भिंतीने थांबवलं. ह्यांनी त्यानंतर शेवटपर्यंत सायकलीला हात लावला नाही. दीर मात्र चारचौघांत सांगत फिरले की वहिनींच्या वजनाने तार तुटली.

कलम ४. मुलाला त्याच्या वडिलांचं घड्याळ. शिवाय दोन शब्द. बाळा, तुझा डावा हात तेव्हा कोपरात मोडला, तो आजही सरळ होत नाही. जेवताना तू तो कसा उचलतोस ते मी तीस वर्षं बघते आहे. मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण सायकल फेकून तुझा हात सरळ झाला नसता. चूक मांडणीची होती, आणि मांडणी बदलता येते. म्हणून मी ती बदलली. दोन ब्रेक, दोन वेगळ्या तारा. कुठलाही ब्रेक दाबला की मोटार आपोआप बंद. बॅटरी कॅरियरवरून काढून खाली चौकटीत घेतली, तेव्हा मागचं चाक झोके खायचं थांबलं. मग रुंद टायर, जाड आरे. एवढं झाल्यावर मग वेग वाढवला, त्याआधी नाही.

कलम ५. सायकल, दुरुस्तीची सगळी हत्यारं आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही सुनेला. सायकल बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, किती पळते? सून लग्नानंतर पहिल्यांदा शेडमध्ये आली आणि म्हणाली, "आई, ही थांबते कशी?" माझा निर्णय तिथेच झाला. आता मशीन ती माझ्यापेक्षा चांगलं दुरुस्त करते, पण पुलापलीकडची गिऱ्हाइकं पायी होत नाहीत. जड मशीन उचलून माणूस चालणार तरी किती?

खाटेखालच्या खोक्यात जास्त ताकदीची नवी मोटार आहे. तिला अट अशी. वेल्डरने मागच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवून दिला आहे. आधी जुन्याच मोटारीवर, कॅरियरवर माझ्या वजनाइतकं वाळूचं पोतं बांधून, उतारावर खडूच्या रेघेपासून दहा पावलांत सायकल थांबली पाहिजे. अकरा चालणार नाहीत. तोवर खोकं उघडायचं नाही. माझं वजन छप्पन्न किलो आहे, दिरांनी नोंद घ्यावी.

कलम ६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. सायकलीपुरता मी अपवाद करते. मागच्या आठवड्यात ती परीक्षा मी स्वतः दिली आणि चौदा पावलं गेले. ब्रेकमध्ये काही खोट नव्हती. माझ्या बोटांनी तो आता पूर्ण दाबला जात नाही. ज्याला थांबवता येत नाही त्याने चालवू नये, हा नियम माझाच आहे. तो स्वतःला लावताना मी शेडमध्ये बसून रडले, हेही नोंदवते. किल्ली उद्या सकाळी सुनेला देणार.

हे ऐकून मुलगा काल एवढंच म्हणाला, "आई, तिला काही झालं तर?"

त्याचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर मी विचार करून देते आहे. उद्या सून ती परीक्षा देईल तेव्हा वाळूचं पोतं बांधायचं नाही. कॅरियरवर मी बसणार आहे.

लिहून देणार: सही (वाकडी असली तरी माझीच)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, समोरचा दवाखाना. सही
२. वेल्डर, ब्रेक बसवणारे. सही

ठिकाण: घरामागची शेड
तारीख: चौदा, सोमवार, दुपार