घराजवळचा संघ

११ जून
गाडीतून अमेरिकन फुटबॉलचं सामान काढलं. पॅड, बूट, हेल्मेट, एक उशी. आई दारातच उभी. म्हणाली, "एवढा मोठा संघ सोडून कुणी गावच्या कॉलेजात येतं का रे, ट्रेंट?"
"तिथं बाकावरच बसून होतो. इथं खेळायला मिळेल."
अर्धं खरं. उरलेलं अर्धं सांगितलं नाही. फेब्रुवारीत बाबा गेले, तेव्हापासून ती या घरात एकटी आहे. अकरा तासांच्या अंतरावर बसून मला ते सोसेना.

१४ जून
आई उभ्यानेच जेवते. ओट्यापाशी. टेबलावर बसतच नाही.

१ ऑगस्ट
सराव सुरू झाला. माझी जागा रांगेच्या मधोमध, चेंडू पायांमधून मागे देऊन खेळ सुरू करायची. कोच ह्रुस्का पहिल्याच दिवशी ओरडले — "चेंडू मागे दिलास की काम संपलं काय? समोरच्याला कोण अडवणार, तुझी मावशी?"
बरं वाटलं. बाबा गेल्यापासून माझ्याशी सगळे हळूच बोलतात.

३ ऑगस्ट
मेलो आज!
इथली रीत अशी की नवा आला की त्याने जेवणाच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभं राहून कॉलेजचं गाणं म्हणायचं. मी आठवडाभर पाठ करत होतो. कॅप्टन मालाकाईने टेबल बडवलं — "चल, पाहुण्या, होऊ दे!" मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि निघालं जुन्या कॉलेजचं गाणं! ज्यांनी गेल्या वर्षी यांना बावन्न-तीनने धुतलं, त्यांचं! दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं. मग पहिला पाव आला, कपाळावर. मग पावांचा पाऊसच. मालाकाई ओरडला, "थांबू नकोस, गद्दारा! आता आपलं म्हण!" म्हटलं. सूर भलतीकडे, पण पूर्ण म्हटलं. शेवटी सगळे उभे राहून माझ्याबरोबर गात होते.

४ ऑगस्ट
घरी सांगितलं. आई हसली. चांगली खदखदून, ओट्याला धरून. मग एकदम तोंडावर हात धरला, चोरी पकडली गेल्यासारखा.

२९ ऑगस्ट
पहिल्या अकरांत माझं नाव! कोच म्हणाले, "फुगू नकोस, तुझ्या जागी खेळणाऱ्याचा गुडघा दुखावलाय." तरीपण!
आईला म्हटलं, सात तारखेला सामन्याला ये. ती भांडी पुसत होती. "तुझ्या प्रत्येक सामन्याला मी त्यांच्या शेजारी बसलेय. रिकाम्या जागेशेजारी मी बसायची नाही." मी पुन्हा विचारलं नाही. ती एकटी पडू नये म्हणून आलो होतो, आणि तेवढंही जमेना.

७ सप्टेंबर
जिंकलो! सतरा-चौदा. अंग ठेचून निघालंय, उजवी करंगळी वांग्यासारखी.
सामन्याच्या तिसऱ्या सत्रात पाणी प्यायला बाहेर आलो, सहज वर पाहिलं. आई! कडेच्या रांगेत, बाबांचा जाड कोट घालून, एवढ्या उन्हात. पंचाला काहीतरी वाईट बोलत होती.
नंतर गाडीपाशी म्हणाली, "सुरुवातीला दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले. मग समोरच्या संघातल्या त्या रंगीत दाढीवाल्याने तुला खाली पाडलं, आणि मी जायचं विसरले." गाडीत बसताना म्हणाली, "जमलं रे मला."
घरी येऊन टेबलावर बसून जेवलो. दोघं.

९ सप्टेंबर
आई ऑरेगॉनला चालली आहे. जोलीन मावशीकडे, समुद्राकाठी. तिथल्या शाळेत नोकरी ठरली. मावशीने तर जूनमध्येच बोलावलं होतं. मी घरी आलो म्हणून ती थांबली होती — माझं कसं होईल या काळजीने!
म्हणाली, "आता तुला इथे कुणी बांधून ठेवलेलं नाही. हवं तर जा परत तुझ्या मोठ्या संघात."
मी म्हटलं, "उद्या सहाला सराव आहे, आई. झोपतो."