मुकुटाखालची मान

शिमोगा, ९ जानेवारी १९८६

चि. तिम्मप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढे नुसती बोलणीच आहेत.

परवा जलजा येऊन गेली. चहाचा पेला हातात धरून तुझी बायको माझ्यासमोर रडली. म्हणाली, मानेतून निघालेली कळ खांद्यावरून थेट बोटांपर्यंत जाते, वीज लागावी तशी. उजवा हात डोक्यावर ठेवून बसल्या बसल्या झोपतोस म्हणे. सदऱ्याची बटणं तीच लावते. आणि हे सगळं मला कळू द्यायचं नाही अशी तिला शपथ!

वर तू त्या हाडवैद्याकडे गेलास. त्यानं पाठीत गुडघा रोवून मान कडकन मोडली आणि तेव्हापासून बोटांना मुंग्या आहेत. लाकडी मुकुट डोक्याला करकचून बांधून रोज यक्षगानात कर्ण नाचायचा, आणि मान दुखली की ती मोडून घ्यायची! मेळातून सुटी घे आणि इथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे चल. रागावलास तरी चालेल, पण ये.

लोभ आहे, म्हणूनच तोंड सुटलं.
तुझी पद्दक्का

मुक्काम हेब्री, १८ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

जलजाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे लग्न ठरवताना तूच सांगायला हवं होतंस. मी ठीक आहे. सकाळी उकड्या तांदळाची पेज जेवतो, गरम वाळूच्या पुरचुंडीनं खांदा शेकतो, संध्याकाळी तोंड रंगवायला बसतो. गावंच्या गावं माझा कर्ण बघायला येतात. ऐन हंगामात मुकुट उतरवला तर तो दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल आणि परत मिळायचा नाही. तुझ्या शाळेत गुरुजी आजारी पडला तर मुलं टाळ्या वाजवतात. इथं तसं नसतं.

माझ्या मानेचं मी बघतो. माया असू दे, पण हात आवर.
तिम्मप्पा

मुक्काम कार्कळ, ४ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार लिहायला हात वळत नाही. तू आमच्या मेळाच्या मालकांना परस्पर पत्र घातलंस? त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. बहीण काळजी करते हो तुमची, असं हसत म्हणाले, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत मुकुट बंद केला. काल मी म्हातारा ऋषी होतो. पांढरी दाढी, हातात कमंडलू, दोन वाक्यं. पुढच्या रांगेतला एक सावकार मोठ्यानं विचारत होता की तिम्मप्पाला काय झालं, दारू का?

शत्रूनं केलं असतं तर समजलो असतो. आता तुझं माझं बोलणं संपलं. उत्तर लिहू नकोस.
तिम्मप्पा

शिमोगा, ११ फेब्रुवारी

चि. तिम्मप्पास आशीर्वाद. उत्तर लिहिते आहे. तुझं ऐकायला मी काही तुझी धाकटी नाही.

मालकांना लिहिलं, त्याचा मला काडीइतका पश्चात्ताप नाही. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, न तपासता ठाम सांगता येत नाही, पण मणक्यांच्या मध्ये शीर दबत असावी. नुसती कळ असेल तर धीर धरता येतो, हाताची ताकद जायला लागली असेल तर वेळ काढू नये, आणि मान तर कुणालाही मोडू देऊ नये.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल. आपल्या अप्पय्यांनीही हाच मुकुट वाहिला. शेवटी त्यांच्या हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता, अम्मा घास भरवायची. गावानं त्यांना शाल पांघरली, केवढ्या टाळ्या! शालीनं भात कालवता येतो का रे? त्या टाळ्यांचा मला अजून संताप येतो. जलजानं तुला घास भरवलेला मला बघायचा नाही.

बोलू नकोस हवं तर. ये मात्र.
पद्दक्का

मुक्काम उडुपी, २ मार्च

ती. अक्कास,

काल भर रंगस्थळावर कमंडलू हातातून सुटला. रिकामा, पत्र्याचा कमंडलू! उचलायला वाकलो, बोटं मिटेनात. पुन्हा सुटला. लोकांना वाटलं विनोद आहे, पोट धरधरून हसले. आत येऊन मी समोरची पेटी लाथेनं उडवली.

गुरुवारच्या मोटारीनं येतो. डॉक्टरांशी बोलेन, तुझ्याशी नाही. जेवायला वाढशील तेवढं जेवेन.
तिम्मप्पा

कोटा (उडुपीजवळ), २० नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मानेचा पट्टा सुटला. तू डोक्यावर उभी राहून करवून घ्यायचीस ते व्यायाम रोज चालू आहेत. कळ गेली. पकड बरीच आली, अंगठा मात्र अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले तेवढं राहील कदाचित.

नव्या हंगामाच्या बैठकीला गेलो होतो. रंगायच्या तंबूत मी सरळ विचारलं, बोटांना मुंग्या कुणाकुणाला येतात? आधी सगळे आपापल्या आरशाकडे वळले. मग सत्तरीकडे झुकलेल्या आमच्या भीमानं हात वर केला, आणि एकेक करून सगळ्या राजांनी. प्रत्येकानं बायकोपासूनही लपवलेलं. आम्ही मालकांना सांगितलं की मुकुट हलक्या लाकडाचे करा. ते म्हणाले, मुकुट हलका झाला की राजा हलका होतो. मी म्हटलं, मग आजच्या रंगीत तालमीत तुम्हीच बांधा. त्या दिवशी कुणी रंगाला हात लावला नाही.

मुकुट हलके झाले. मला मात्र मेळातून काढलं. पुढारी नकोत म्हणाले.

काल पहिला खेळ झाला. जलजाला घेऊन मागच्या बाजूला बसलो. नवा पोरगा कर्ण होता. मान कशी सुरेख वळवत होता, अक्का! माझ्या तोंडून इतकी घाण शिवी गेली की पुढची माणसं वळून बघायला लागली. जलजानं घाबरून विचारलं, त्या बिचाऱ्या पोराला का शिव्या? मी म्हटलं, त्याला नाही. आमच्याआधी ज्यांनी ज्यांनी मुकाट्यानं तो मुकुट बांधून घेतला आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाही, त्या सगळ्यांना.

नंतर आत जाऊन त्या पोराला पहिलं तेच विचारलं, मान कशी आहे?

मालकांना पत्र घातलंस त्याचा राग अजून आहे. तरी लोभ ठेव.
तुझा तिम्मप्पा