व्हालोरचं पान

८ सप्टेंबर १९९६, रविवार
मी द्रौपदी गणू मयेकर, शिक्षण चौथी, राहणार मालवण, हल्ली मुक्काम सेम्बावांग, सिंगापूर, अकरावा मजला. वही सुनेने दिली. अनघा म्हणाली, आई, दिवसभर घरात असाल, लिहीत जा. म्हणजे मी तिचं डोकं खायला नको. बरं, लिहिते.

घर झकास आहे. नळाला चोवीस तास पाणी. लिफ्टमध्ये कोणी थुंकलेलं नाही. दिलीप जहाजं दुरुस्त करून करून काळा पडलाय, पोट मात्र सुटलंय. नात किमया आठ वर्षांची. पाच वर्षांनी बघितली. तिच्यासाठीच तर समुद्र ओलांडला. मालवणी खाजा दिला, तर पोरीने पहिला तुकडा पियानोवरच्या फोटोपुढे ठेवला. दाढीवाला गोरा म्हातारा. मला वाटलं, अनघाच्या माहेरचा कोणी असेल.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
माहेरचा नव्हे. एतियेन व्हालोर. फ्रान्सचा, पियानोची गाणी रचायचा. मरून शंभर वर्षं झाली. किमयाची परीक्षा त्याच्याच गाण्यावर, म्हणून पियानोच्या बाईंनी फोटो दिलाय.

त्याचं सगळं चरित्र पोरीला पाठ. पाववाल्याचा मुलगा. नवव्या वर्षी चर्चमधला मोठा बाजा वाजवायचा. पॅरिसला गेला, तर शहाण्या लोकांनी हसून हाकलला. बायको बाळंतपणात गेली. मागे एक मुलगी, मार्गो. तिच्यासाठी चार हातांचं गाणं रचलं. एकाच बाकावर उजवीकडे मुलगी, डावीकडे बाप. आठव्या वर्षी मार्गो तापाने गेली. पुढे वीस वर्षं तो रोज डावीकडे बसून आपलाच भाग वाजवायचा, उजवी जागा मोकळी ठेवून. एक दिवस बसल्या जागीच गेला.

सांगताना पोरीचे डोळे भरले. म्हटलं, तुझा सख्खा आजोबा होडीसकट बुडाला, त्याचं नाव काय? तर म्हणे, आजोबा.

गाणं गोड आहे, खोटं कशाला बोलू. फुटक्या होडीत पाणी शिरावं तसं हळूहळू अंगात शिरतं. रडका मेला.

२० सप्टेंबर
आज तिच्या शेजारी बाकावर बसायला गेले. डावीकडे जागा होती. पोरीने हात आडवा घातला. ती त्याची जागा आहे, आजी, डोन्ट डिस्टर्ब ला. इथली पोरं दर वाक्याला ते ‘ला’ चिकटवतात. माझी वेणी-फणी नको, माझी गोष्ट नको. झोपायला जाताना गुड नाइट त्या दाढीला.

सवत नव्हती मला कधी. म्हातारपणी मिळाली, तीही दाढीवाली.

२ ऑक्टोबर, बुधवार
ह्यांची तिथी. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी केली. मग डोक्यात काय शिरलं कोण जाणे, दुसरं पान वाढलं. फोटोला हार घातला. म्हटलं, व्हालोरबुवा, तुला कोणी उरलं नाही ना? ये, आमच्याच घरचा हो, जेव आणि चालता हो. किमयाला चिडवायला म्हटलं. ती चिडली नाही. टाळ्या पिटल्या तिने.

दोन्ही पानं खाली झाडाजवळच्या कठड्यावर ठेवली. इथे कावळे रग्गड. सात-आठ उतरले आणि सगळे त्याच्या पानावर. ह्यांच्या पानाला दोन वाजेपर्यंत एकही शिवला नाही. शपथा घातल्या, नातीला जपेन म्हटलं. नाहीच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

चाळीस वर्षं संसार केला मी, आणि जेवला तो.

४ ऑक्टोबर
दुपारी चार. लख्ख ऊन. किमया वाजवत होती. तिचे दोन्ही हात उजवीकडे. डावीकडच्या पट्ट्या आपोआप खाली जात होत्या. जाड, खालचा आवाज. ती मधेच त्या बाजूला बघून हसली. माझ्याकडे बघून एवढं कधी हसली नाही.

६ ऑक्टोबर
दिलीपला सांगितलं. म्हणाला, आई, तुझी झोप पुरी होत नाही. अनघा म्हणाली, मी काम करते त्या नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डोळे तपासू. डोळे चांगले आहेत माझे. तेच तर.

मेलेल्याला जेवायला बोलावताना थट्टा करू नये, हे मालवणात शेंबडं पोर सांगेल. मी घरचा हो म्हटलं. तो झाला.

९ ऑक्टोबर
किमयाला ताप. आठवं वर्ष — फोटो तांदळाच्या डब्यात पुरला. तरी वाजतंय. ती तापात उठून उजवीकडे जाऊन बसते. डावीकडे बाक दबलेला दिसतो.

११ ऑक्टोबर
औषध लागू नाही. मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट आहे. घरच्याच माणसाची. माझीच असेल. जळले ना मी इतकी —

१२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या
आज पितर परत जातात. त्याचं पान ठेवलं. आज कावळा नाही. एकही नाही. त्याला जेवण नकोय.

तो एकटा जाणार नाही.

दुपारी
बाक दोघांचा. त्याच्या जागेवर मीच बसले. थंडगार होती. उठणार नाही. काय करायचं ते कर, दाढीवाल्या. पोर माझी आहे.

माझे हात — मी आयुष्यात पट्टीला बोट लावलं नाही. वाजवतायत. बरोबर वाजवतायत. उजवा ओढून घेऊन लिहिते —

किमयाचा ताप उतरला. अंग गार. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. पहिल्यांदा. म्हटलं, बघ, शेवटी आजीच.

कोण आजी, म्हणाली.

वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. नाव आहे. द्रौपदी गणू. वाचलं. मीच पुन्हा वाचलं. ही बाई कोण —

उशीर नको. उजवीकडे मार्गो थांबली आहे, केव्हाची, तिला एकटीला —