गुळव्याचं डावं बोट

कसबा बावडा,
ता. २१ जानेवारी

ती. आक्कास, धाकट्या आकारामचा दोन्ही हात जोडून (आणि जोडायच्या आधी साबणानं धुऊन, का ते पुढं कळेल) नमस्कार.

तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि गोठ्यातली म्हैस, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. तुझी बाकीची तब्येत तर चांगलीच असणार, याची मला गेल्या मंगळवारपासून खात्री पटत चालली आहे. फोन करायचा सोडून हा कसलं पत्र लिहीत बसलाय, असं म्हणशील. पण तुमच्यात फोन दाजी उचलतात, उचलला की स्पीकरवर टाकतात, आणि मग निम्मं पेठ वडगाव कान देऊन बसतं. मजकूर नाजूक आहे. दाजींना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र वाचून होईस्तोवर त्यांचा चष्मा म्हशीच्या पेंडीच्या डब्यात ठेव.

दिवाळीनंतर मला शुगर निघाली हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, हे आता आयुष्यभराचं. मी विचारलं, आयुष्यभर म्हणजे साधारण किती दिवस? त्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि धंदा काय करता म्हणून विचारलं. मी म्हटलं, गुळव्या. एकतीस वर्षं झाली, उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करतो, पाक कधी उतरायचा ते माझी दोन बोटं सांगतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग गोळी दिली, रोज चालायला सांगितलं, गोड बंद म्हणाले, आणि आकडे लिहून आणा म्हणाले. मी तिथंच शपथ घेतली की ह्या जिभेला गुळाचा कण लागणार नाही. हे संयोगितानं ऐकलं आणि बाहेर येऊन स्वतःची अट घातली, की मशीनवर तीनशेच्या वर आकडा तीनदा आला तर काहिलीजवळ पाऊल टाकायचं न्हाय, घरात बसायचं. तुझी भावजय एकदा बोलली की बोलली. आक्का, मला आजाराची भीती नव्हती वाटली तेवढी त्या अटीची वाटली. मी घरात बसून काय करणार? मला गूळ सोडून येतंय काय?

आमच्या पोरानं, यशराजनं, पुण्याहून शुगर मोजायचं मशीन पाठवलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आकडा येतो. मी डाव्या हाताच्या बोटाला टोचायचो, कारण उजवा हात कामाचा. घरात सकाळी आंघोळ करून मोजली तर एकशे अडतीस. म्हटलं, हे तर काहीच न्हाय. दुपारी गुऱ्हाळावर, आदण (म्हणजे एका वेळची काहीलभर गुळाची घाणी) उतरल्यावर मोजली तर चारशे एकतीस. मधल्या वेळात मी दीड भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्लेली. आता वांग्यात एवढी साखर कुठनं आली? दुसऱ्या दिवशी वांगं बंद केलं, चारशे सदुसष्ट. म्हणजे वांगं निर्दोष होतं. (त्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.) असले आकडे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले, डॉक्टरांना दाखवले नाहीत आणि संयोगिताला तर नाहीच नाही.

मग मी उत्तर शोधायला लागलो. मोबाइलवर एकजण म्हणाला मेथी खा, दुसरा म्हणाला मेथीनंच घात होतो, तिसरा जांभळाच्या बियांची पूड विकत होता. मी तिन्ही केलं, म्हणजे मेथी खाल्ली, सोडली आणि पूड आणली. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एका पावण्यानं सांगितलं की उलटं चाललं की साखर उलटी फिरते. चार दिवस उलटा चाललो, पाचव्या दिवशी भेळेच्या गाडीवर जाऊन आदळलो. भेळवाला म्हणाला, पावणं, पुढं बघून चाला की. मी म्हटलं, बाबा, आयुष्यभर पुढं बघून चाललो म्हणून तर ही पाळी आली. त्यानं मला बाकड्यावर बसवून पाणी दिलं आणि घरचं कुणी बरोबर हाय काय म्हणून विचारलं.

शेवटी शोध मीच लावला. घरात साखर कमी, गुऱ्हाळावर जास्त, म्हणजे दोष वाफेचा. पाकाची वाफ नाकातनं आत जाते आणि रक्तात मुरते. मी तोंडाला ओला टॉवेल बांधून काहिलीजवळ उभा राहायला लागलो. तरी चारशे दहा. मग खात्री करायला मुनव्वरचं बोट घेतलं. (मुनव्वर म्हणजे आमचा चुलवाणात जळण घालणारा. अंगानं चिपाडाएवढा, आयुष्यात सर्दी सोडून काही झालेलं नाही.) तो गूळभाकरी खाऊन नुकताच उठलेला. तीनशे नव्वद! काकवी न्यायला आलेली धोंडुबाई म्हणाली माझी बी बघ, तिची चारशे पंचावन्न. म्हणजे वाफेनं अख्खं गुऱ्हाळ आजारी पाडलेलं. मुनव्वर भिऊन कारल्याचा रस प्यायला लागला आणि चुलवाणाकडं पाठ करून जळण घालायला लागला, त्यात त्याची लुंगी दोनदा पेटली.

पुढं एकदा परत तीनशेच्या वर आकडा आला तेव्हा संयोगिता डबा घेऊन माझ्या पाठीमागंच उभी होती. वही मागितली, मी दिली नाही, तिनं घेतली आणि शेवटचं पान उघडलं. एवढंच म्हणाली, मंगळवारचं आदण शेवटचं. मी हो म्हटलं. आक्का, खोटं कशाला सांगू, मंगळवारी पाक उकळायला लागला आणि मला रडू आलं. धुरानं म्हणून सांगितलं, पण धूर त्या दिवशी पलीकडं जात होता हे सगळ्यांना दिसत होतं.

त्या दुपारी मुनव्वरची पोरगी आफशीन बापाचा डबा घेऊन आलेली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. शेवटचा आकडा बघावा म्हणून मी मशीन काढलं आणि बोटाला टोचणार, तेवढ्यात तिनं विचारलं,

"काका, हात धुतला व्हय?"

मी म्हटलं, पोरी, हे हात दिवसभर उकळत्या पाकाजवळ असतात, ह्याच्यावर कुठला जंतू जगणार? ती मला हौदावर घेऊन गेली, साबणानं दोन्ही हात धुतले, कोरडे केले आणि टोचलं. एकशे छप्पन्न. मग मुनव्वरचे हात धुतले. चौऱ्याण्णव. ती म्हणाली,

"काका, हे मशीन तुमची न्हाय, गुळाची साखर मोजत हुतं."

संयोगिता तिथंच होती. हसली नाही, पण वही माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, उद्याचं आदण किती वाजता लावताय? मुनव्वर तीन आठवडे कारल्याचा रस प्यालाय, तो माझ्याशी अजून बोलत नाही. गुऱ्हाळावर आता साबण टांगलाय. आणि आजार आहेच की. एकशे छप्पन्न म्हणजे काही शून्य न्हाय, गोळी चालू आहे, चालणंही चालू आहे (सरळ). पण आता तो माझ्याएवढाच आहे, बावड्याएवढा नाही. तेवढा मला झेपेल.

थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवर थाप, म्हशीला जे योग्य वाटेल ते.

तुझा,
आकाराम

ता. क. मार्गशीर्षात तू आलीस, गरम गुळाचा खडा स्वतःच्या हातानं फोडून खाल्लास, आणि मग मी तुझं बोट टोचून पाचशे बारा म्हणून सांगितलं, ते आठवत असेल. तेव्हापासून तू चहा कोरा पितेस, संक्रांतीला तिळगुळाला हात लावला नाहीस, आणि तुमच्या घरात साखरेचा डबाच ठेवत नाहीस म्हणून दाजीही सव्वा महिना उपाशी आहेत, असं कळतं. हात धुऊन एकदा लॅबमध्ये नीट तपासून घे. आणि भावानं जीव वाचवला म्हणून येत्या रविवारी दाजी मला शाल-नारळ घेऊन येणार आहेत, त्यांना आधी गोड शिरा खाऊ घाल, मग सांग. नारळ जड असतो.

ता. क. दुसरा. पाक मी उजव्या हाताच्या बोटांनी बघतो आणि टोचतो डाव्याला, मग डाव्याला गूळ कुठनं लागला, असं संयोगितानं काल जेवताना विचारलं. (उजव्याला पाक गरम लागतो, चाखायला डावं बरं पडतं. महिनाभरात अगदी थोडा. आता तेही बंद.) मी सांगितलं की मी मुळात डावराच, आपल्या घराण्यात सगळे डावरे. तिचा विश्वास बसलेला नाही, ती तुला बघणार आहे. तेव्हा रविवारी दाजींबरोबर आलीस की चहाचा कप डाव्या हातात धर.