कुसामावशीची हाक

ती. कुसामावशीला ललितचा नमस्कार,

फुलशेतीवाल्यांना पहाटे तोडणीसाठी उठवणारं माझं ॲप छान चाललंय. एक गोष्ट मात्र तुला सांगितली नाही. मळ्यातून तू मला पाठवलेला व्हॉइस मेसेज मी चाचणीसाठी त्यात टाकला होता: “ऊठ की रे कुंभकर्णा, झेंडू काय आपल्या पायानं पंचवटीच्या बाजाराला जाणार हाय?” तो काढायचा राहिला आणि सगळ्यांना गेला. घाबरून मी एका गोड आवाजाच्या बाईंचं रेकॉर्डिंग लावलं, तर निम्मी गिऱ्हाइकं ॲप बंद करायला निघाली. म्हणाली, “या बाईंमुळं अजूनच झोप लागती. आमची मावशी परत आणा.”

आता तू मला रोज पाठवतेस ती नवी बोलणी खाऊन चार जिल्हे उठतात.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. कळलं तर तू जपून बोलायला लागशील, आणि माझा धंदा बसेल.

अजूनही आठलाच उठणारा,
तुझा ललित