कॅमेऱ्याला दाखवलेलं ताट

१२ जानेवारी

आले एकदाची! त्रेचाळिसाव्या वर्षी नवरी होऊन मरोळ गावठाणातल्या या घरात पाऊल टाकलं. शेजारची प्रेमा तिच्या ओट्यावरूनच ओरडली, की विनी, साडी सांभाळ गं, पडलीस तर आम्हालाच उचलावं लागेल, क्लिफर्डच्या कमरेत दम नाही. सगळे हसले, क्लिफर्ड सगळ्यात जास्त.

घर छान आहे. भिंतीवर वेदी, तिच्यासमोर छोटा दिवा, मागे विहीर. क्लिफर्ड दुकानांना कॅमेरे बसवून देतो, त्यामुळे जिन्याखाली त्याचा एक जुना लिनक्स सर्व्हर सतत गुणगुणत असतो. मी साकीनाक्याच्या ऑफिसात दिवसभर सर्व्हरच सांभाळते. ते गुणगुणणं ऐकून माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

१९ जानेवारी

क्लिफर्ड जेवायला बसला, की आधी ताट जरासं उचलून फळीवरच्या कोपऱ्याकडे धरतो. मला वाटलं, प्रार्थनेची त्याची पद्धत असेल. आज प्रेमाने सांगितलं. त्याची पहिली बायको शर्ली शेवटचे महिने हॉस्पिटलात होती. त्या कोपऱ्यात कॅमेरा आहे. तिकडून ती टॅब्लेटवर हे स्वयंपाकघर बघायची आणि दटावायची, काय जेवतोस ते दाखव, उगाच पाव-चहावर भागवू नकोस. तो ताट दाखवायचा. ती जाऊन दोन वर्षं झाली, हाताची सवय गेली नाही.

ऐकताना डोळे भरून आले. भांडी घासताना मात्र मनात आलं, कालवण मी केलं होतं. मग आधी तिला का?

२ फेब्रुवारी

त्याच्या परवानगीने सर्व्हर बघायला बसले. बाहेरच्या कुणाकुणाशी जोडणी आहे आणि ती कुठल्या अवस्थेत आहे, हे एका आज्ञेत दिसतं. मी नव्या मुलांना शिकवते तसं इथे लिहिते. ‘लिसन’ म्हणजे दार उघडं ठेवून कुणाची तरी वाट बघणं. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे दोघं बोलताहेत. ‘टाइम-वेट’ म्हणजे दोघांनी निरोप घेतला, तरी काही राहिलं असेल म्हणून एकजण उंबऱ्यात थोडा थांबलाय. आणि ‘क्लोज-वेट’ म्हणजे समोरच्याने निरोप घेतला, आपण मात्र फोन खाली ठेवलेला नाही. ही अवस्था आपोआप संपत नाही. आपल्या बाजूने कुणीतरी संपवावी लागते.

एक ओळ क्लोज-वेटमध्ये होती. पत्ता हॉस्पिटलचा.

स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याचं चित्र शर्लीला पाठवणारा प्रोग्रॅम क्लिफर्डनेच जोडाजोड करून लिहिलेला. समोरच्याने निरोप घेतला तर काय करायचं, हे त्यात लिहिलेलंच नाही. मी दाखवलं, तर म्हणाला, तेव्हा ती जाईल असं वाटलंच नव्हतं यार. मग माझा हात धरून म्हणाला, ते राहू दे हां, सर्व्हर बंद करू नकोस.

म्हणजे ती कधीच गेली. धरून बसलाय तो.

९ फेब्रुवारी

वर्षभराचा कुटून बाटल्यांत भरतात त्या बॉटल मसाल्याची, शर्लीने भरलेली एक शेवटची बाटली आहे, तळाशी दोन बोटं उरलेली. त्यातला मसाला तो स्वतःच्या हाताने चिमूटभर काढतो. मी केलेला मसाला झकास आहे म्हणतो आणि पुढ्यात तसाच ठेवतो.

आज तो कॅमेरा माझ्या फोनवर जोडून घेतला. दुपारी तो घरी जेवायला येतो, तेव्हा मी ऑफिसातून बघणार. लाज वाटते. तरी बघणार. माझ्या वाट्याला आलेला माणूस मला पुरता हवा.

१६ फेब्रुवारी

क्लिफर्ड चर्चमध्ये मिस्साला गेला होता. मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. ओळ गेली. कॅमेऱ्याचं दार नेहमीसारखं ‘लिसन’ दाखवत उघडं, आणि आत फक्त माझा फोन. किती हलकं वाटलं! वेदीकडे मात्र बघवेना.

दुपारी त्याने ताट कोपऱ्याकडे उचललं, आणि अर्ध्यावर थांबला. कुणी हाक मारल्यासारखा.

१८ फेब्रुवारी

ऑफिसातून सर्व्हरवर डोकावले. हॉस्पिटलचा पत्ता परत आलाय. क्लोज-वेट नाही. एस्टॅब्लिश्ड.

घरी येऊन कपाट उघडलं. हॉस्पिटलातून परत आणलेला शर्लीचा टॅब्लेट तिथेच आहे, बॅटरी फुगून त्याची काच उचकटलेली. तो चालू होणं शक्य नाही. मग कोण बोलतंय?

२० फेब्रुवारी

फोनवर बघितलं. आज त्याने ताट दाखवलं नाही. मला हेच तर हवं होतं. पण टेबलावर दोन ताटं होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीशी तो बोलत होता, हसत होता — माझ्याशी इतका कधी हसला नाही.

आणि मसाल्याची बाटली. गळ्यापर्यंत भरलेली.

२२ फेब्रुवारी

माझ्या फोनची ओळ क्लोज-वेटमध्ये आहे. फोन हातात आहे, चित्र चालू आहे, मी बघतेय — आणि सर्व्हर म्हणतो, त्या बाजूने निरोप घेतला. त्या बाजूला मी आहे. मी घेतलेला नाही.

प्रेमाला हाक मारली. ती माझ्या आरपार आमच्या दाराकडे बघत ओरडली, शर्ली, बोंबील आत घे गं, कावळे आलेत. आतून कुणीतरी ओ दिली.

सर्व्हर बंद करायला गेले. बटण दाबलं जात नाही. बोट पोचतच नाही —

२३ फेब्रुवारी

दुपार. मी स्वयंपाकघरातच उभी आहे, टेबलाला टेकून. फोनवरच्या चित्रात टेबल आहे, क्लिफर्ड आहे, त्याच्या शेजारी पाठमोरी एक बाई वाढतेय. मी नाही.

क्लिफर्ड, मी इथे — हात लावला. त्याने फक्त शर्टाची बाही खाली ओढली, वारा लागल्यासारखी.

तो ताट उचलतोय. माझ्याकडे नाही. कोपऱ्याकडे. कॅमेऱ्याकडे. डोळे भरलेत त्याचे. म्हणतोय, विनी, हे बघ, नीट जेवतोय मी, तू काळजी —

ती वळतेय. हात पुसून सर्व्हरकडे जातेय, जिन्याखाली. तिथल्या पडद्यावर तिला ओळ दिसली. माझी. तो म्हणतोय राहू दे, आणि ती हसून

नको शर्ली, ती ओळ रा